अर्धा वाचलेला हात

थोरल्या बहिणीला चाळिशी उलटल्यावर जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. नातलगांनी तोंडात बोटं घातली. कुणी हसलं, कुणी कौतुक केलं, पण धाकट्या भावाला मात्र काळजी लागली. कारण लकवा झालेले वडील चार महिने तिच्याकडेच होते. बाळंतपणानंतर आठव्या दिवशी तिचा फोन आला.

"बाळा, माझे हात दोन आणि पोरं दोन. आबांसाठी तिसरा हात कुठून आणू?"

"आणतो गं इकडे. तू काळजी करू नकोस," तो म्हणाला आणि फोन ठेवून खोली पावलांनी मोजायला लागला. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत बायकोचं शिलाई मशीन, कापडाचे गठ्ठे आणि शाळेचे शिवून ठेवलेले गणवेश. मशीन खिडकीकडे सरकवून भिंतीला खाट लावली तेव्हा मध्ये एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट उरली.

हा भाऊ पोलादाच्या गोदामात क्रेन चालवायचा. छपराखालच्या रुळांवरून सरकणारी क्रेन, तिच्या पोटाशी लटकलेली काचेची केबिन आणि तिथवर जायला बावन्न पायऱ्यांची उभी शिडी. ती तो इतक्या सरसर चढायचा की गोदामात सगळे त्याला खार म्हणत. नाव घरापर्यंत आलं होतं. बायको खुशीत असली की "आले का खारोजीराव?" म्हणायची, आणि रागात असली की काहीच म्हणायची नाही.

गोदामात आवाज असा की कानाशी ओरडलेलं ऐकू येत नसे. सगळा कारभार हाताच्या खुणांवर. खाली उभा राहिलेला सिग्नलवाला खूण करणार आणि वर बसलेला क्रेनवाला दांडा हलवणार. तर्जनी वर करून गोल फिरवली की उचल. तर्जनी खाली करून फिरवली की खाली सोड. दहा-दहा टनांच्या पत्र्याच्या गुंडाळ्या या एका बोटावर हलत. चौतीस वर्षं ते बोट आबांचं होतं. खारीनं केबिनमधली पहिली अकरा वर्षं आबांच्याच हातावर काढली होती. आबांनी त्याला शिकवलं ते एवढंच:

"आधी हात पुरता वाच, मग दांडा हलव. पुरता म्हणजे बोट, कोपर, खांदा आणि तोंड. तोंड तुझ्याकडे आहे का ते बघ. अर्धा हात वाचणारा माणूस साहेब होतो, क्रेनवाला होत नाही."

लकव्यानं आबांची वाचा नेली आणि उजवं अंग नेलं. डावा हात तेवढा सोडला. या घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो हात वर केला, तर्जनी छताकडे धरली आणि गोल फिरवली.

खारीला आनंद मावेना. "अगं ए, इकडे ये! आबा उचल म्हणतायत! वाचा गेली, पण भाषा शाबूत आहे बघ माणसाची!"

त्यानं बगलेत हात घालून त्यांना वर ओढलं आणि पाठीशी दोन उशा लावून बसतं केलं. आबा कण्हले. "बरं वाटलं असेल," तो म्हणाला. थोड्या वेळानं आबा घसरून खाली आले. पुन्हा बोट वर, पुन्हा गोल. पुन्हा यानं उचललं. बहिणीला फोन करून सांगितलं, तर ती रडायलाच लागली. चार महिने तिला जे कळलं नव्हतं ते भावाला एका दिवसात कळलं होतं.

त्या घरात 'उचल आली' हा रोजचा शब्द झाला. मशीन थांबवून बायको हाक मारायची, "अहो, उचल आली!" तो कामावर असला की ती एकटीच उचलायची. दिवसातून पंधरा वेळा, वीस वेळा. दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर लिहिलं होतं की रुग्णाला एका जागी फार वेळ ठेवू नये. ती दोघं म्हणायची, आपण कुठे ठेवतो? सारखं वरखाली चाललेलंच असतं. लुळ्या अंगावर भार येऊ देऊ नका, असंही कुणीतरी बजावलं होतं, म्हणून कुशीवर वळवायला त्यांचा हात धजत नव्हता.

पण आबा सुखावले नाहीत. उलट दिवसेंदिवस चवताळत गेले. उचलायला वाकलं की डाव्या हाताचा फटका बसायचा. तोंडातला घास थुंकायचे. चेहरा लालभडक व्हायचा, घशातून चमत्कारिक आवाज यायचा, आणि बोट पुन्हा वर. गोल, गोल, गोल.

"करतोय ना आबा! उचलतोय ना! अजून किती वर नेऊ तुम्हाला, छपराला टांगू?" खार ओरडायचा. मग स्वतःच्याच आवाजाला भिऊन उशा सारख्या करायला लागायचा. बायकोचे गणवेश वेळेवर जाईनात. तिची कंबर धरली. डोळ्याला डोळा लागेना. घरातलं बोलणं आटत आटत 'सरक', 'धर' आणि 'उचल आली' एवढ्यावर आलं.

पाचव्या आठवड्यात चादरीला रक्त लागलं. माकडहाडापाशी जखम झाली होती. आधी बोटाच्या पेराएवढी, चार दिवसांत तळहाताएवढी. डॉक्टर घरी आले, बघितलं आणि हात धुता धुता म्हणाले, "ही हाडापर्यंत गेली तर माणूस हाती लागायचा नाही. जखम भरून येते की नाही, आता सगळं त्यावर. एका जागी ठेवत नाही ना?"

"नाही हो डॉक्टर. वीस-वीस वेळा उचलतो."

डॉक्टरांना पुढं जायची घाई होती. "मग ठीक," ते म्हणाले. "परवापासून नर्सबाई येतील पट्टी करायला."

त्या दिवसापासून खारीच्या जिवाला थारा राहिला नाही. केबिनमध्ये बसला तरी डोळ्यांपुढं तो तळहाताएवढा लाल खड्डा दिसायचा. एवढं करतो, तरी ती वाढते कशी? यातून सुटायचं कसं? आणि सुटका म्हणजे काय, हा विचार मनात आला की त्याला स्वतःचीच किळस यायची.

गोदामात त्याच महिन्यात नवे साहेब आले होते. बोलताना प्रत्येक वाक्यात लवकर. चहा लवकर, माल लवकर, जेवण लवकर. पोरांनी बारसं उरकून टाकलं, लवकरसाहेब. त्यांनी केबिनमध्ये वायरलेस बसवला होता आणि त्यातून दिवसभर खारीच्या कानात तो एकच शब्द पडायचा.

नर्सबाई यायच्या दिवशी सकाळी तो कामावर होता. खाली सिग्नलला मामा. मामांना सख्खा भाचा एकही नव्हता, म्हणून ते सगळ्या गोदामाचे मामा होते. गुंडाळीला साखळी घातलेली होती, पण पलीकडच्या बाजूनं तिला पीळ पडला होता. तिकडे उभ्या असलेल्या कामगाराला मामांनी मान वळवून सांगितलं, साखळी फिरव, आणि सांगताना बोट गोल फिरवलं.

कानात वायरलेस खरखरला, "लवकर! काय बघत बसलाय?"

खारीनं बोट पाहिलं आणि दांडा ओढला.

दहा टनांची गुंडाळी पिळलेल्या साखळीवर तिरकी उचलली गेली, झोका खाऊन वळली आणि लाकडी ओंडक्यांच्या रचलेल्या ढिगावर आदळली. कामगार उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. मामांच्या डोक्यावरचं हेल्मेट धक्क्यानं वीस हात लांब गेलं. मामा खाली बसले आणि दोन्ही हातांनी आपलं डोकं जागेवर आहे का ते चाचपू लागले.

खार शिडी उतरला तेव्हा पहिल्यांदा त्याला बावन्न पायऱ्या मोजाव्या लागल्या.

लवकरसाहेब तावातावानं आले. "डोळे आहेत की बटणं? माणूस मेला असता तर? आज गाडी ओढणाऱ्यांत जा. केबिनचं नंतर बघू."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबाच्या कॉलरपासून त्याचा हात वीतभर होता. त्यानं दोन्ही हात खिशात कोंबले आणि खाली मान घालून उभा राहिला. साहेब दमले आणि गेले.

"मामा, बघितलंत? एक शब्द उलटून बोललो नाही," तो म्हणाला.

मामा अजून मातीतच बसले होते. "त्याला शांत राहणं नाही म्हणत रे. तू नुसतं झाकण घातलंस. आत उकळतंय ते दिसतंय मला. आणि एक सांग, माझं तोंड कुठं होतं?"

"काय?"

"खूण केली तेव्हा. माझं तोंड तुझ्याकडे होतं का?"

खार वर लटकलेल्या केबिनकडे बघू लागला.

"तुझा बाप खाली असता तर तुला उलटा टांगला असता," मामा म्हणाले आणि हेल्मेट शोधायला उठले. "घरी जा आज. इथं कुणाचा तरी जीव घेशील."

तो दुपारी घरी आला. दार उघडंच होतं. बायको मशीनवर पाय मारत होती. तिनं वर न बघताच विचारलं, "एवढ्या लवकर?"

त्या शब्दानं त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "हो, लवकर! लवकर, लवकर! तूही तेच म्हण!"

"मी काय केलं आता?"

तेवढ्यात खाटेवरून घशातला आवाज आला. आबांचं बोट वर होतं. गोल, गोल.

त्यानं चपलासुद्धा काढल्या नाहीत. खाटेवर गुडघा टेकवून आबांना बगलेत धरलं आणि एका हिसक्यात वर ओढलं. जखमेवरची पट्टी निघून चादरीला चिकटली. आबांनी आ वासला, आवाज आला नाही. मग त्यांचा डावा हात आला तो सरळ खारीच्या कानावर.

खारीनं हात उगारला. उघडा पंजा, खांद्याच्या मागं नेलेला. क्रेनचा दांडा बावीस वर्षं ओढून दगडासारखा झालेला तो हात.

बायकोनं मनगट धरलं. तिच्या दुसऱ्या हातात अजून सुईत दोरा ओवलेला गणवेश होता. ती ओरडली नाही. अगदी हळू म्हणाली, "अहो. बघा तरी कुणावर उचललाय."

त्यानं पाहिलं. आबांनी डोळे मिटून तोंड भिंतीकडे वळवलं होतं आणि मार खायला तयार असलेल्या लेकरासारखी मान आत घेतली होती.

"यापुढं असं झालं तर मी त्यांना घेऊन नणंदेकडे जाईन," बायको म्हणाली. "जुळ्यांच्या मध्ये निजवीन, पण इथं ठेवणार नाही."

"मी मारणार नव्हतो."

"नव्हता?"

तो तिथंच जमिनीवर बसला.

नर्सबाई आली तेव्हा तो अजून जमिनीवरच होता. ठेंगणी, चष्मेवाली, खांद्याला पिशवी. तिनं एकदा तिघांच्या तोंडांकडे बघितलं, काय समजायचं ते समजली असावी. हात धुऊन पिशवी उघडली आणि खाटेशी उभी राहिली. आबांचं बोट वर झालं.

"उचल म्हणतायत," खार जमिनीवरूनच थकून म्हणाला. "थांबा, मी उचलतो."

"उचल?" नर्सबाईनं आबांकडे पाहिलं. आबांचं तोंड अजून भिंतीकडेच होतं. "नाही हो. वळवा म्हणतायत. कुशीवर वळवा. पाठ जळत असणार त्यांची. हो ना आजोबा?"

आबांची मान हलली. खाली, वर, खाली, वर. थांबेचना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

दोघींनी मिळून त्यांना डाव्या कुशीवर वळवलं. पाठीशी उशी, गुडघ्यांत उशी. आबांनी श्वास सोडला. इतका लांब, की खोलीतली हवा पाच आठवड्यांनी मोकळी झाल्यासारखी वाटली. बोट खाली आलं आणि काही क्षणांत ते घोरायला लागले.

नर्सबाई पट्टी करत बोलत होती. "बसतं करून वर ओढलं की कातडी घासते. तुम्ही उचलत होता?"

"वीस वेळा," बायको म्हणाली. "रोज."

नर्सबाईनं पट्टी चिकटवली. "आता नका उचलू," एवढंच म्हणाली. दोष दिला असता तर बरं झालं असतं.

खार उठून बाहेर जिन्यात गेला. पाच आठवडे म्हणजे पस्तीस दिवस. पस्तीस विसे सातशे. सातशे वेळा आबांनी सांगितलं होतं, साधं, कुणीही सांगावं तसं, की मला वळव. आणि आपण गोदामातली भाषा काढून बसलो होतो. त्यांनी गोदाम केव्हाच सोडलं होतं. ती जखम आजारानं केली नव्हती, आपल्या या दोन हातांनी केली होती, आणि ती करताना दर वेळी आपल्याला वाटलं होतं की आपण बापाचं ऐकतोय. त्यानं कठड्यावर कपाळ आपटलं. वरच्या मजल्यावरची बाई जिना उतरताना थबकली आणि परत वर गेली.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं एक केलं. आबांनी हात हलवला की तो खाटेशी स्टूल ओढून बसायचा आणि स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरायचा. बोट बघायचं, कोपर बघायचं, तोंड बघायचं. मग तोंडानं विचारायचं, "पाणी? नाही. खिडकी? नाही. पाय?" मान हलली तरच हात मांडीखालून काढायचे. आत उकळी फुटायची ती फुटायचीच, पण हात दाबलेले असले की ती हातांपर्यंत पोचेपर्यंत जरा निवायची.

एकदा आबा सारखे ओठांकडे हात नेत होते. यानं पाणी, दूध, औषध, सगळं विचारून झालं.

"मिशी टोचत असेल हो," बायको मशीनवरून म्हणाली. "तुमच्यासारखीच आहे ती, कुंच्यासारखी."

मिशीच होती. कात्रीनं कापल्यावर आबांच्या तोंडाचा चांगला निम्मा भाग हसला. बायकोही हसली. त्या घरात त्या महिन्यात हसू आलं ते एवढंच.

कारण जखम भरत नव्हती. दर दोन तासांनी कूस बदलत होती दोघं, घड्याळ लावून. नर्सबाई रोज येत होती. पण एका सकाळी तिनं पट्टी काढली आणि खारीला जवळ बोलावून दाखवलं. तळाशी पांढरं दिसत होतं. ते काय ते त्यानं विचारलं नाही.

गोदामात तो अजून खालीच होता, हातगाडीवर ओंडके ओढत. शेवटी मामांनी साहेबांकडे शब्द टाकला. साहेब म्हणाले, "सोमवारी साडेआठला केबिनमध्ये बसू दे. एक मिनिट उशीर झाला तर दुसरा माणूस तयार आहे, आणि मग याचा विषय कायमचा संपला."

सोमवारी सकाळी आबांना ताप होता. अंग भट्टीसारखं तापलेलं. बायको म्हणाली, "तुम्ही जा. मी आहे. नर्सबाई येतीलच." त्यानं बूट घातले, डबा घेतला. आठ वाजले होते. दारातून वळून पाहिलं तर आबांचा डावा हात वर होता. बोट नाही, आख्खा पंजा, उघडा, त्याच्याकडे धरलेला. तोंडही त्याच्याकडेच होतं.

थांब.

गोदामात त्याचा अर्थ एकच. जे चाललंय ते बंद कर. पट्ट्या, औषधं, कूस बदलणं, सगळं पुरे झालं, असं म्हणतायत का? की घरातल्यासारखं म्हणतायत, थांब रे, जाऊ नकोस? शब्द एकच होता आणि त्याला दोन वाटा फुटत होत्या. एक त्याला आत नेत होती. दुसरी काय सांगत होती ते मनात आणायचं धाडस त्याला होईना.

"अहो, उशीर होतोय," बायको म्हणाली.

त्यानं डबा खाली ठेवला, स्टूल ओढलं, हात मांड्यांखाली घातले.

"आबा, औषध बंद करू?"

मान हलली नाही.

"मी जाऊ नको?"

मान हलली नाही. पंजा तसाच. डोळे त्याच्यावर. त्यानं पुन्हा दोन्ही विचारलं, हळूहळू. ताप इतका होता की आबांना ऐकू येत होतं की नाही तेही कळेना. आठ वीस झाले. साडेआठ झाले. पावणेनऊला पंजा आपोआप चादरीवर उतरला. खारीनं मांडीखालचा हात काढून त्यावर ठेवला आणि दिवसभर तिथंच बसून राहिला. पुरता हात वाचायला बसला होता आणि त्याला तो वाचता आला नव्हता. पण या वेळी त्यानं दांडाही हलवला नव्हता.

केबिन गेली. मंगळवारी दुसरा माणूस वर चढला. "चांगला आहे रे पोरगा," मामा म्हणाले, "फक्त शिडी चढताना म्हाताऱ्यासारखा कण्हतो." खारीनं मान डोलावली आणि हातगाडी पुढं ढकलली.

आबा त्याच आठवड्यात गेले, शुक्रवारी, ऑक्टोबरच्या एकोणीस तारखेला, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. खार कामावर होता. सुनेनं त्यांना नुकतंच उजवीकडून डाव्या कुशीवर वळवलं होतं.